खारफुटी आपोआप कशी वाळते

खाडीलगत तुमचा प्लॉट आहे आणि प्लॉटवर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उभी आहेत, म्हणजे तुमच्या नशिबी मोठंच दुखणं आलं. पण खचू नका. आधी घरातली कुऱ्हाड माळ्यावर टाका. कुऱ्हाडवाला पकडला जातो. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१८ च्या निकालात तर तिची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला असं म्हटलं आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितलं. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही. शिवाय २०१२ पासून वनविभागात खारफुटी राखायला खास कांदळवन कक्ष आहे. एवढ्या पहाऱ्यात लाकडावर घाव घालणं हे अडाण्याचं काम. तुम्ही पाण्याचं बघा.

त्यासाठी झाडाचा स्वभाव कळायला हवा. खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं जमिनीतून वर येतात, चिखलात पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. या श्वसनमुळांवरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेतं. भरतीला ती बुडतात, ओहोटीला मोकळी होतात, आणि दिवसातून दोनदा हा खेळ चालू असेतो झाडाला काही होत नाही. जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटून बघा, खारट लागेल. समुद्राला पुरून उरणारं असं हे झाड, पण पाण्याचं येणंजाणं थांबलं की त्याचा निकाल लागतो.

तेव्हा भरती ज्या चिंचोळ्या नाल्यातून आत शिरते तो शोधा आणि रात्री दोनच्या सुमारास त्याच्या तोंडाशी डेब्रिजचे चार डंपर रिकामे करा. धरण बांधायचं नाहीये, कंबरेएवढा बांध पुरे. पाणी आत अडकलं तर मुळं गुदमरतात. पाणी आलंच नाही तर चिखल सुकून भेगाळतो आणि मीठ वर येतं. काहीही झालं तरी काम तुमचंच होतं. काही महिन्यांत पानं पिवळी पडतात, मग फांद्या उघड्या पडतात, आणि झाडाला तर कुणी बोटही लावलेलं नसतं!

मग पंचनामा. घाबरू नका, उत्तरं पाठ करून ठेवा.

‘झाडं कुणी तोडली?’

‘तोडली नाहीत साहेब, वाळली.’

‘कशाने?’

‘हवामान बदलाने.’

‘आणि हा बांध?’

‘तो आमच्या आजोबांच्या वेळचा.’

बांधातून टाइल्सचे तुकडे आणि कमोडची झाकणं डोकावत असतील तर वर थोडी माती पसरा. आजोबांच्या काळी कमोड नव्हता. त्यानंतर जमीन नक्की कुणाची हा प्रश्न निघू द्या. महसूलवाले वनखात्याकडे बोट दाखवतील, वनखातं म्हणेल ताबाच मिळाला नाही. तेवढ्या वेळात तुमचं मैदान सपाट होतं. त्यावर आधी क्रिकेट सुरू करा, मग गाड्या लावू द्या. पोरांच्या खेळाच्या मैदानावर हातोडा घालायला कुणी येत नाही.

काम मोठं असेल, म्हणजे रस्ता, पूल किंवा रेल्वे, तर हा चोरटा उद्योग नकोच. लोकहिताचा शिक्का मिळवा आणि राजरोस परवानगी मागा. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार खारफुटी तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने मुभा दिलीच. भरपाईच्या लागवडीचंही टेन्शन घेऊ नका. कांदळ ही खारफुटीचीच एक जात, तिचं बी आईच्याच फांदीवर रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि खाली पडून चिखलात उभं राहतं. ही फुकटातली रोपं तुमच्या काय कामाची? समुद्राचा वारादेखील लागणार नाही अशा जिल्ह्यात साग लावा. कागदावर झाडाला झाड मिळालं की झालं. कार्यक्रमाच्या फलकावर मात्र पांढऱ्या चिप्पीचं फूल छापा. २०२० मध्ये ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाली आहे, फोटोत शोभते.

मधूनच एखादा कोळी येऊन विचारेल, चिंबोऱ्या कुठे गेल्या, निवटे दिसत नाहीत, कोळंबी का घटली. माशांची पिल्लं याच मुळांच्या जाळीत लहानाची मोठी होतात हे तो तुम्हाला सांगू लागेल. त्याच्याकडे पदवी नाही, एवढं लक्षात ठेवलं की ऐकून घ्यायचा त्रास वाचतो. पुढे जिताड्याचा भाव चढला की महागाईला शिव्या घाला.

इमारतीचं नाव ‘मँग्रोव्ह व्ह्यू’ ठेवा. पाचव्या मजल्यावरून शेजारच्या प्लॉटवरची तिवरं दिसतील, निदान तो शेजारी हा लेख वाचेपर्यंत.

राहता राहिलं पावसाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीच्या मुखाशी खारफुटी बुजवून वसवलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे लोक बोटं दाखवू लागले होते. लोकांना सवयच असते. तुम्ही तळघरातल्या पार्किंगसाठी दोन पंप घ्या, आणि त्यांचा खर्च ताबा देण्याआधीच ग्राहकांच्या देखभाल शुल्कात टाका.