बाबांना घाम येत नाही म्हणजे त्यांना ऊन सोसतं असं नाही

मार्च लागला की फिरणारा मेसेज याही वर्षी फॅमिली ग्रुपवर आलाच. "आपल्या म्हाताऱ्यांनी सत्तर उन्हाळे काढलेत, त्यांचं शरीर पक्कं झालंय, कूलर-एसी तुम्हा पोरांना लागतो, त्यांना तहान लागेल तेवढंच पाणी द्या, सुस्ती आली तर झोपू द्या." खाली बारा अंगठे. मी नागपूरची, घरात ७४ वर्षांचे बाबा, त्यामुळे मला गप्प बसवलं नाही.

आधी ते सत्तर उन्हाळे. शरीर उन्हाला सरावतं हे खरंय, पण तो सराव जन्मभराचा नसतो हो. रोज थोडी थोडी गरमी अंगावर घेतली की साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, तेवढ्याच कामाला हृदयाला धावपळ कमी करावी लागते. आणि गरमी थांबली की काही आठवड्यांत हे सगळं ओसरतं. म्हणजे पावसाळा-हिवाळा काढून मार्चमध्ये आलेलं शरीर दरवर्षी जवळपास पहिल्यापासून सुरू करतं, म्हणून तर मोसमातली पहिली लाट जास्त घातक असते.

मग म्हातारपणी सराव होतच नाही का? होतो. रोज चालणारा, तब्येतीने ठीक माणूस साठीतही बऱ्यापैकी सरावतो, पण तरुणाइतकी भरपाई होत नाही, कारण वयाबरोबर प्रत्येक घामाच्या ग्रंथीतून निघणारा घामच कमी होतो, कातडीकडे रक्त कमी जातं आणि हृदयाकडेही तेवढी ताकद शिल्लक नसते.

"आम्हाला उकडतच नाही" हे वाक्य तर मी घरीच ऐकते. मागच्या मे महिन्यात दुपारी बाबा खुर्चीत पेपर वाचत बसले होते, कूलरची टाकी रिकामी, माझा कुर्ता पाठीला चिकटलेला आणि त्यांचं बनियन एकदम कोरडं. मला वाटलं बरंय, यांना त्रास नाही. पाठीवर हात ठेवला तर तापलेल्या भिंतीसारखी लागली. घाम नव्हता म्हणजे अंग थंड नव्हतं, अंग थंड करायचा रस्ताच अर्धा बंद होता! तेव्हापासून दुपारी ओला दुपट्टा हातांवर-मानेवर आणि समोर पंखा, जो घाम येत नाही त्याचं काम ते पाणी करतं. पारा चाळिशीपार असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा लावला तर गरम हवाच अंगावर येते, म्हणून आधी ओलं करायचं.

तहानेचं तर अगदी उलटं आहे. या वयात तहानेची जाणीवच बोथट होते, त्यामुळे तहानेची वाट बघू नका, दर तासाला थोडं पाणी, ताक, पन्हं समोर नेऊन ठेवा. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी पाण्याचं आणि मिठाचं माप डॉक्टरला विचारूनच ठरवायचं, आणि बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी एकदा दाखवून या, ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

"आपल्याकडे सवय असते, परदेशात मरतात" असंही त्याच मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं. अहमदाबादला उन्हाची सवय नाही असं कोण म्हणेल? तिथे मे २०१० च्या लाटेत नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, आणि मग २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी स्वतःचा कृती आराखडा केला.

राहिली सुस्ती. उन्हाळ्यात म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं, नाव चुकायला लागलं, उठवल्यावर नीट उठत नसेल तर त्याला झोपू द्यायचं नाही. लगेच १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालत राहायचं, शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.