अंकल, तुम्ही किती वाजता आलात?

"अंकल, जरा पुढे जाऊ द्याल का? माझी फ्लाइट सुटेल."

सुरक्षा तपासणीच्या रांगेत मागून हे वाक्य आलं की माणूस आपोआप अंग चोरतो. मीही चोरलं. मग वळून पाहिलं. पंचविशीचा मुलगा, गळ्यात ती प्रवासी उशी, उशीवर हेडफोन, पाठीवर सॅक आणि हातात कॉफीचा भलामोठा कागदी ग्लास. विमान सुटायला आलेला हा गृहस्थ वाटेत कॉफी घ्यायला थांबला होता. ग्लासावर नाव लिहून देतात ती कॉफी. म्हणजे तिथेही रांग असणार, आणि ती मात्र त्याने इमानेइतबारे लावली असणार.

"कुठली फ्लाइट?"

"नागपूर. नऊ चाळीस."

"माझीही तीच आहे."

मला वाटलं, आता हा ओशाळेल. निदान जीभ तरी चावेल. त्याचा चेहरा उलट उजळला.

"अरे वा! मग तुम्ही इथे काय उभे आहात? तुम्हीपण चला ना पुढे!"

इथे काय उभा आहे! पहाटे सव्वापाचला आईने हातावर दहीसाखर ठेवली तेव्हापासून मी कुठे ना कुठे उभाच होतो.

आमच्याकडे विमानतळावर किती वाजता पोचायचं हे विमान कंपनी ठरवत नाही. कंपनी बापडी दोन तास आधी या म्हणते. त्यावर आई अर्धा तास पंक्चरचा चढवते. आमच्या टॅक्सीचं टायर आजवर कधी पंक्चर झालेलं नाही, पण ते आपण अर्धा तास धरतो म्हणूनच झालेलं नाही, असं तिचं म्हणणं. बायको नगर रोडच्या कोंडीचा अर्धा तास धरते. त्यावर लेक "बाबांना गेट लवकर सापडत नाही" म्हणून आणखी थोडी भर घालते. एवढं करून पहाटे रस्ता ओस. पुण्याच्या सिंहगड रोडवरून लोहगावच्या विमानतळावर पाऊण तासाच्या आत पोचलो, आणि दारावरच्या जवानाने तिकिटावरची वेळ, माझा चेहरा आणि पुन्हा वेळ असं पाहून घेतलं. बोलला काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

काउंटरवर बॅग द्यायला गेलो. वेब चेक-इन आदल्या दिवशीच करून, कागदावर छापून, घडी घालून खिशात ठेवलं होतं. पण बॅग द्यावीच लागणार होती, कारण बॅगेत अडकित्ता होता. नागपूरच्या मावशीला तुळशीबागेतलाच पितळी अडकित्ता हवा होता. आता धार असलेली वस्तू जवळच्या पिशवीतून नेता येत नाही, त्यामुळे त्या वीतभर अडकित्त्यासाठी अख्खी बॅग विमानाच्या पोटात जाणार होती. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, "सर, नागपूरचं बॅगेज अजून सुरू नाही झालं. पावणेआठनंतर या." मी म्हटलं, एवढी ठेवून घ्या. ती पुन्हा तेवढंच गोड हसली.

लवकर येण्याची ही खोड आपल्या हाडात एसटीने भिनवलीय. वडील स्वारगेटला गाडी फलाटाला लागण्याच्या आत पोचायचे, आणि ती वळण घेत असतानाच खिडकीतून रुमाल आत टाकायचे. रुमाल म्हणजे सातबारा. सीटवर रुमाल पडला की ती सीट आमची. कुणी तो बाजूला सारून बसलाच तर भांडण व्हायचं, आवाज चढायचे, पण बहुतेक वेळा शेवटी बसणाराच उठायचा. सांगायचा मुद्दा, लवकर येणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडायचं. विमानात सीट आधीच ठरलेली, खिडकीचे पैसेही आगाऊ घेतलेले. इथे पहाटे येऊन मी रुमाल टाकायचा कुठे?

पावणेआठला काउंटर सुरू झालं, तोवर रांगेत दिल्ली, बंगळुरू आणि आणखी कुठकुठली माणसं माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती, कारण "बसा" म्हटल्यावर बसणारा सबंध हॉलमध्ये मी एकटा. माझ्यापुढच्या कुटुंबाच्या बॅगा पंधरा किलोच्या वर भरल्या. मग त्या भर रांगेत उघडल्या गेल्या. एकीतले बूट दुसरीत, दुसरीतला चिवडा तिसरीत, आणि एका काकूंनी भर उकाड्यात दोन स्वेटर एकावर एक चढवले. मी मदतही केली. चेन लागेना म्हणून बॅगेवर बसलो.

आणि अखेर माझ्यापुढे फक्त हे स्वेटरवालं कुटुंब उरलं असताना टोकाच्या काउंटरवरून आवाज आला, "नागपूर! नागपूरवाले इकडे या!" नवं काउंटर. सगळ्यात लांबचं. रांगेच्या शेपटाजवळचं. जे माझ्यामागे होते, आताच टॅक्सीतून उतरले होते, ज्यांच्या चाकांच्या बॅगा अजून थांबल्याही नव्हत्या, ते चार पावलांत तिथे पहिले झाले. मी माझी बॅग ओढत तिथवर पोचेपर्यंत त्या रांगेत नववा.

याला व्यवस्था म्हणतात. काउंटर बंद व्हायची वेळ जवळ आली की उशिरा येणाऱ्यांना हाका मारून बोलावतात, हात धरून पुढे नेतात, "सर, घाई करा" म्हणून आर्जवं करतात. लवकर आलेल्याला कोणी हाक मारलेली मी अजून ऐकलेली नाही. त्याची काळजी कशाला, तो आलेलाच आहे की.

तर असा सगळा घोट गिळून मी तपासणीच्या रांगेत पोचलो होतो, आणि हा मुलगा मला विचारत होता, की मी इथे काय उभा आहे.

"तुम्ही किती वाजता आलात अंकल?"

"सहाला."

"का?"

असा निर्मळ, निरागस "का" मला कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, पण दहीसाखर, पंक्चर, नगर रोड आणि अडकित्ता हे सगळं एका वाक्यात बसेना. तेवढ्यात आम्ही ट्रेपर्यंत आलो. म्हणजे तो आला, मी आलो, कारण मधल्या चौघांना त्याने "फ्लाइट सुटेल, अंकलची पण" असं सांगून टाकलं होतं. माझ्या नावावर त्याने चार माणसं ओलांडली. त्यातल्या एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढा पोक्त माणूस, यांना वेळेवर निघता येत नाही का.

"एक सेकंद धरता?" म्हणून त्याने कॉफी माझ्या हातात दिली आणि सॅकमधून लॅपटॉप काढू लागला. मग चार्जर. मग पॉवर बँक. मग दुसरी पॉवर बँक. मग पट्टा, घड्याळ, हेडफोन, गळ्यातली उशी. सगळं दोन ट्रेमध्ये नीट मांडून तो हात पसरून चौकटीतून पलीकडे गेला. मी त्याच्यामागे निघालो तर जवान म्हणाला, "सर, ये कॉफी?"

"मेरी नहीं है."

"आपके हाथ में है."

हे खरं होतं. यावर वाद घालायला जागा नव्हती. पलीकडून तो मुलगा बूट घालताना ओरडला, "पिऊन टाका अंकल, नो प्रॉब्लेम!" जवानाने बाजूला बोट दाखवलं. रांगेतून बाहेर पडून, कचरापेटीशेजारी उभा राहून, मी दुसऱ्याची, दुसऱ्याच्या नावाची, बिनसाखरेची कॉफी पीत होतो. टाकून का दिली नाही, असं बायकोने नंतर फोनवर विचारलं. तीनशे रुपयांची वस्तू कचऱ्यात टाकणं आमच्या घराण्यात नाही, एवढंच सांगतो. पिऊन झाल्यावर जवानाने मला रांगेच्या शेवटी जायला सांगितलं.

गेटवर पोचलो तेव्हा तो माझ्यासाठी खुर्ची अडवून बसला होता. यात वाईट वाटण्यासारखं काय होतं ते मला नीट सांगता येत नाही, पण वाटलं.

"अंकल, एक सांगू? राग नका मानू." राग मानू नका म्हणणारा माणूस पुढे काय बोलणार हे आपल्याला माहीत असतं. "ज्याचं विमान कधीच चुकत नाही ना, तो आयुष्यातला फार वेळ विमानतळावर फुकट घालवतो. माझं नाही हे, एका नोबेलवाल्या इकॉनॉमिस्टचं आहे."

नंतर शोधलं. जॉर्ज स्टिगलर म्हणून शिकागोचे प्राध्यापक होते, १९८२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, आणि या अर्थाचं एक वचन त्यांच्या नावावर सांगितलं जातं. असेल. मोठा माणूस. पण स्टिगलरसाहेबांना नागपूरला मावशी नव्हती. आणि चुकलेल्या विमानाच्या जागी त्याच दिवशीचं दुसरं तिकीट काढायचं तर ते किती रुपयांना पडतं, याचं गणित त्या वचनात कुठे आलेलं नाही.

मी त्याला दिल्लीचा दाखला दिला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या टर्मिनल ३ वर अशी झुंबड उडाली होती, की कंपन्याच लोकांना साडेतीन तास आधी या म्हणत होत्या. पुणे-नागपूर हवेत दीड तासही लागत नाही आणि जमिनीवर साडेतीन! तो म्हणाला, "म्हणून तर डिजियात्रा आली, अंकल. चेहरा दाखवा, आत जा." डिजियात्रा आली हे खरं, त्याच महिन्यात सुरू झाली. दारही चेहरा बघून उघडतं. पण बॅगेची रांग अजून कोणाचा चेहरा बघून पुढे सरकलेली मी पाहिलेली नाही. आणि त्याच्याकडे बॅग नव्हतीच. ज्याला मावशीचा अडकित्ता न्यायचा नाही त्याने वेळेचं तत्त्वज्ञान सांगू नये.

इथवर चेष्टा. पुढचं मात्र मला खरोखर लागलेलं आहे.

कंपनीचा नियम काय? उड्डाणाच्या साठ मिनिटं आधी काउंटर बंद, पंचवीस मिनिटं आधी गेट बंद. एक मिनिट इकडचं तिकडे नाही, मग तुमच्या घरी कोणी आजारी असो की वाटेत ट्रक उलटलेला असो. ठीक आहे, शिस्त हवी. नऊ पंधराला गेट बंद व्हायचं, तर नऊ वीसला फलकावर वेळ बदलली. दहा वीस. कारण "ऑपरेशनल". थोड्या वेळाने दहा पन्नास. मग अकरा पस्तीस. प्रत्येक वेळी थोडं थोडं, कडू औषध चमच्या-चमच्याने पाजावं तसं. शेजारचे एक काका सगळं हवाई दलावर ढकलून मोकळे झाले, धावपट्टी त्यांची आहे ना. त्यांचं एक सुखोई मात्र कानठळ्या बसवत वेळेवर निघून गेलं.

आता गंमत पाहा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर प्रवाशांना खायला-प्यायला देणं कंपनीला भाग असतं, विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा तसा नियम आहे. नऊ चाळीस ते अकरा पस्तीस किती होतात? एक तास पंचावन्न मिनिटं. उरलेली पाच मिनिटं कोणी, कुठे बसून, कशी वाचवली असतील, याचा विचार करत मी घरून आणलेल्या पोळीभाजीचा डबा उघडला. त्या मुलाने "अंकल, काय आहे?" म्हणून विचारलं. बटाट्याची भाजी होती. त्याला आवडली.

मी गेटवरच्या मुलीला जाऊन विचारलंही, की आमचा साठ मिनिटांचा नियम कडक, मग तुमचा का नाही? ती म्हणाली, "सर, गैरसोयीबद्दल क्षमस्व." मी म्हटलं, क्षमस्व नको, मी पाच मिनिटं उशिरा आलो असतो आणि क्षमस्व म्हटलं असतं, तर तुम्ही बॅग घेतली असती का? तिने मागच्या माणसाकडे पाहिलं. मागचा माणूस मला म्हणाला, "अहो, जाऊ द्या ना, ती काय करणार." ती काहीच करू शकत नव्हती हे मलाही माहीत होतं. जो करू शकतो तो गेटवर उभा नसतो.

नागपूरला तो पाठीवरची सॅक घेऊन हात हलवत सरळ बाहेर पडला. मी पट्ट्याशी उभा राहून सगळ्यांच्या बॅगा फिरताना पाहत होतो. ते दोन स्वेटर आता काकूंच्या हातावर होते. नागपूरच्या उन्हात ते अंगात ठेवण्याची त्यांचीही छाती झाली नाही.

मावशीने अडकित्ता हातात घेतला, उघडमिट करून पाहिला, म्हणाली, "छान आहे. पण सकाळी सहाला काहून जाऊन बसला होता रे तिथे? विमान तर दुपारी येऊन राहिलं होतं." मी जेवायला बसलो.

उद्या परतीचं विमान आहे. त्या मुलाचंही तेच, हे डबा खाताना निघालं होतं आणि नंबर त्याने तेव्हाच घेतला होता. आत्ता मेसेज आलाय: "हाय अंकल, उद्या तुम्ही लवकर पोचालच. लाइनमध्ये माझा नंबर लावून ठेवाल का? मी येतोच तासभर आधी." खाली एक कॉफीचं चित्र.

उत्तर दिलेलं नाही. पण निळ्या खुणा उमटल्या आहेत, त्यामुळे मी वाचलंय हे त्याला कळलेलं आहे.