दिवसभर काय करतोस?

काल भर अकरा वाजता बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचे काका, हातात त्यांच्या घराची किल्ली. "प्लंबर येणारे. आम्ही निघालो लग्नाला. तू घरीच असतोस ना?"

विमा कंपनीतली नोकरी सोडून हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायला लागल्यापासून मी सोसायटीचा अधिकृत घरी असणारा झालोय. कुरिअर, सिलिंडर, कुणाचं इस्त्रीचं गाठोडं, सगळं माझ्याकडे.

"काका, मी कामात आहे." टेबलावर भाता उघडा पडला होता आणि माझ्या हातात कानस होती.

"ते ठीक आहे रे. पण दिवसभर काय करतोस?"

मग मी समजावलं. सुराची पितळी जीभ टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. खर्ज आणि नर, म्हणजे जाड आणि मधल्या आवाजाचे सूर, जुळवताना केसभर चुकलं तरी पेटी रडते. काकांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "ग्रॅच्युइटी मिळाली?"

मिळाली म्हटल्यावर त्यांनी माझ्याच टेबलावरचं पाकीट उलटं करून हिशेब मांडला. शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. "बेसिक किती होतं?" आणि मी ते का सांगितलं देव जाणे. "बरोबर दिलेत," काका म्हणाले. जणू मी शंका काढली होती. "आणि पेन्शन? त्याला लागतात ती दहा वर्षं भरली?"

"नऊ. वर चार महिने."

चपलेत घातलेला पाय काकांनी बाहेर काढला. "अरे, साडेनऊ झाली की दहा धरतात! दोन महिने! दोन महिने खुर्ची उबवायला काय जात होतं तुझं?" ते भिंतीला टेकले. मी पाणी आणून दिलं. माझ्या लग्नात, लेकराच्या बारशात, वडील गेले तेव्हाही काका इतके हललेले मी पाहिले नव्हते.

तशी पेटीलाही बेकारी नवी नाही. १९४० मध्ये नभोवाणीने तिला दाराबाहेर काढलं, कारण तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही. १९७१ पर्यंत ती बाहेरच होती. पण त्या काळात तिच्याकडे कुणी प्लंबरसाठी किल्ली ठेवायला दिली नसेल.

पाणी पिऊन काकांना एकदम आठवलं, "गणपतीतली आपली पेटी तेवढी बघून ठेव. तुला आवड आहेच." ही आवड फार महागात पडते. ऑफिसात मी आलेले मेल पुढे ढकलायचो, त्याला काम म्हणत आणि एक तारखेला पैसे येत. आता कान दुखेपर्यंत सूर लावतो, तर लोक म्हणतात, छान छंद आहे, आणि पैशांचं नाव काढलं की यांचा चेहरा उतरतो. भजनी मंडळाने तर मला नारळ दिला. खरोखरचा, शाल न देता.

प्लंबर दीड वाजता आला. वॉशर बदलला, पाचशे म्हणाला. काकांना फोन लावला, मागे सनई-चौघडा. "देऊन टाक रे, घासाघीस करू नकोस, कष्टाचं काम असतं त्यांचं!"

दिले. जाताना प्लंबरने टेबलावरच्या भात्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, हे रिपेर करायचे किती घेता?"

आकडा सांगितला. "कमी घेता," तो म्हणाला.

काका रात्रीच परत आलेत. वर पंख्याचा आवाज येतोय. पाचशे अजून आलेले नाहीत.