ग्रहांची वही

स्टार ट्रेक ही अंतराळप्रवासाची मालिका बघायची तर तिच्यातल्या ग्रहांची अक्षरवार वर्गवारी लिहून ठेवायची, असं फर्मान भाचीने काढलं आणि रकाने आखलेली वही माझ्या हातात कोंबली. म्हटलं, कारकुनीत जन्म गेला, यात काय अवघड आहे!

'एम' पटकन जमला. ऑक्सिजन-नायट्रोजनची हवा, झाडंझुडपं. थोडक्यात, मंडळी अंतराळपोशाख न चढवता उतरतात तो एम. १९६६ पासून हेच चाललंय. निर्मात्याचा कपडेपटाचा खर्चही वाचत असणार, त्यामुळे जिकडेतिकडे एमच एम.

पुढे घोळ. 'के' म्हणजे घुमट बांधून राहता येईल असा, 'एल' जेमतेम राहण्याजोगा, 'जे' गुरूसारखा वायूचा गोळा. मी शेजारी खगोलशास्त्राचं पुस्तक उघडून बसलो, ती नसती उठाठेव झाली. तिथे के आणि एम हे ताऱ्यांचे वर्ग! एम म्हणजे थंड, लालसर तारा. एल आणि वाय त्याहून गार. वर मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतल्या ११० तेजोमेघ-तारकागुच्छांसारख्या वस्तूंच्या क्रमांकाआधीही एमच.

"मामा, तू ते पुस्तक मीट बरं," भाची म्हणाली.

मीटलं. तेवढ्यात 'वाय' आला. १९९८ चा भाग. विषारी हवा, तापमान ५०० केल्विनच्या (म्हणजे सव्वादोनशे सेल्सिअसच्या) वर, नुसतं जवळ जाणंही धोक्याचं. तरी इंधन संपत आल्यावर मालिकेतल्या व्हॉयेजर जहाजाची मंडळी तिथेच गेली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'पेट्रोलसाठी माणूस कुठेही जातो.'

"आपल्या शुक्रावर साडेचारशे सेल्सिअसच्या वर असतं ना? मग तोही वायच म्हणायचा का?" या प्रश्नावर मी चहा टाकायला उठलो.

तेजोमेघांचं, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांचं, तर विचारूच नका. स्टार ट्रेकच्याच १९८२ च्या चित्रपटातला मुतारा तेजोमेघ एवढा दाट की दोन जहाजं आत शिरून एकमेकांना आंधळ्या कोशिंबिरीसारखी शोधतात. खऱ्या तेजोमेघात एका घन सेंटिमीटरला काही शे, फार तर काही हजार कण. इतकी विरळ पोकळी प्रयोगशाळेत आणतानाही घाम फुटतो. त्यात लपायचं म्हणजे उघड्या माळावर लपणं.

त्याच चित्रपटात रिलायंट जहाजाची मंडळी सेटी आल्फा या ताऱ्याचा सहावा ग्रह समजून पाचव्यावर उतरतात. सहावा केव्हाच फुटलेला! ताऱ्यांपर्यंत पोचले, पण सहापर्यंत मोजता येईना. फुटलेल्या ग्रहाला वर्ग कुठला द्यायचा, की ओळच खोडायची, यावरून आता भाची आणि माझी बहीण यांच्यात जुंपली आहे.