कादंबरीतल्या जिराफाला दूध पाजू नये

कादंबरीसाठी विषय फर्मास निवडलात. इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याला नजराणा म्हणून धाडलेली जिराफाची मादी 1827 साली मार्सेय बंदरातून पॅरिसला पायी गेली. 20 मेला निघाली, 30 जूनला पोचली. अंतर सुमारे 880 किलोमीटर. वाचकाला मात्र एवढ्यावर सोडू नका. पहिल्याच पानावर एक लावण्यवती आणा आणि तिला जिराफाच्या मोतद्दाराच्या प्रेमात पाडा.

भूमध्य समुद्र ओलांडताना जहाजाच्या डेकला भोक पाडून तिची मान बाहेर काढली होती, घासू नये म्हणून कडेला पेंढा बांधला होता. हे गाळा, वादळ घाला. वादळात नायक डोलकाठीवर चढतो. पेंढ्याशी तो काय करणार?

दुधाचा हिशेब तर कटाक्षाने टाळा. ही बया रोज पंचवीसएक लिटर दूध प्यायची, म्हणून दुभत्या गाई सोबत चालत होत्या. तीन गाई धरल्या तरी प्रत्येकीने रोज आठ लिटरच्या वर द्यायचं, तेही वीस-एकवीस किलोमीटर तुडवून! चाल वाढवली की दूध आटतं. गाय लंगडली की जिराफ उपाशी. धारा लांबल्या की निघायला उशीर, आणि मग उन्हं चढली की पुढच्या मुक्कामाची बोंब. यात तीन प्रकरणं आपसूक उभी राहतील आणि लावण्यवतीला बसायला जागा उरणार नाही.

काफिल्याचा प्रमुख होता प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जोफ्रवा सेंत-हिलेर: वय पंचावन्न, सांधे कुरकुरणारे. पावसासाठी जिराफाला मेणकापडाचा अंगरखा शिवण्याइतका व्यवहारी. असला माणूस मुखपृष्ठावर शोभत नाही. पंचविशीचा करा, हाती तलवार द्या.

संकटसमयी जिराफाने गगनभेदी आरोळी ठोकावी. प्रत्यक्षात त्याचा आवाज क्वचितच कानी पडतो, पण मुका नायक चालेल, मुका जिराफ कसा चालेल? आणि त्याला घोड्यासारखं दौडवा. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम टाकतो, हे कोण बघायला बसलंय!

राजकारण दोन ओळींत उरका. ग्रीक तुर्कांविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होते आणि इजिप्त तुर्कांच्या बाजूने होता; त्या युद्धात फ्रान्सची मर्जी राखावी, हा नजराण्यामागचा एक हेतू. ऑक्टोबर 1827 मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर नवारिनोला फ्रान्स, ब्रिटन आणि रशियाने मिळून तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवलं. जिराफ तेव्हा पॅरिसमध्ये खुशाल रवंथ करत होता. तेव्हा कादंबरी 30 जूनलाच संपवा. तसंही लावण्यवतीचं आणि मोतद्दाराचं लग्न लावायचं राहिलंय.