स्प्रिंकलर आहे, मग धुराचा पंखा काहून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, मॉलच्या ॲट्रियमवरच्या (म्हणजे सगळ्या मजल्यांमधून थेट छतापर्यंत जाणाऱ्या मधल्या मोकळ्या चौकावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "स्प्रिंकलर असताना छतावर धूर ओढणारे पंखे लावायला सांगणं म्हणजे बिल्डरला उगाच खड्ड्यात घालणं. आग दबली की धूर संपला, उरलासुरला वर जातोच."

अर्धं मान्य. स्प्रिंकलरमुळे आग लहान राहते, त्यामुळे पंख्याचं गणित मोठ्या आगीवर मांडावं लागत नाही. हे लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

घोळ आहे तो "वर जातोच" मध्ये. धूर वर जातो, कारण तो गरम असतो. स्प्रिंकलरच्या तोंडाशी असलेली लाल काचेची कुपी ६८ अंशांना फुटली की त्यातून फवारणारं पाणी धुरालाही गार करतं आणि फवाऱ्याबरोबर खाली ओढतं. पेटत्या होळीवर बादली ओतून पाहा. मघापर्यंत सरळ चढणारा धूर अंगणभर लोळतो, डोळे चुरचुरतात. आता साडीचं दुकान घ्या. आग रॅकच्या खालच्या फळीत, पाणी पडतंय वरच्या फळीवर. आग वाढत नाही, पण धुमसत राहते. कार्बन मोनॉक्साइडसकट धूर शटरबाहेर ॲट्रियमच्या पोकळीत येतो, चढताना आजूबाजूची हवा ओढून घेत फुगतो आणि आणखी गार होतो.

त्यात आपलं नागपूर! मे महिन्यात काचेच्या छताखालची हवा इतकी तापते, की गार धूर तिच्याखालीच आडवा पसरतो. मागे एका मॉलमध्ये (नाव राहू द्या) भर दुपारी धुराच्या मशीनने चाचणी घेतली. धूर तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी थबकला आणि फूड कोर्टाकडे सरकला. छतावरचा धूर ओळखणारा डिटेक्टर ढिम्म. मॅनेजर म्हणाला, "साहेब, मशीनचा धूर गार असतो, खरा चढला असता." अहो, पाण्याखालून आलेला खरा धूरही बऱ्याचदा तसाच गार असतो.

म्हणूनच नुसत्या झरोक्यांवर भागत नाही. झरोक्यातून बाहेर पडायला धुराला स्वतःची गरमी लागते. पंखा आधी तो तापलेला थर उपसतो, त्यामागून धूर येतो. डिटेक्टरही छतावर एकच नको, निरनिराळ्या उंचीवर बीमवाले (आडव्या प्रकाशझोतात धूर आला की ओळखणारे) हवेत. आणि खालून हवा आत यायला दारं उघडली पाहिजेत. त्या मॉलमध्ये एसीची हवा जाऊ नये म्हणून मागचं दार साखळीने बांधलं होतं. पंखा वर नुसता गुरगुरत होता.

तुमची इमारत किती मजली आणि छत काचेचं आहे का, कळवा. पंखा किती लहान करता येईल, त्यावर बोलू.