उरलेली ५० रत्नं

मी काही मोठी गेमर नाही. रात्री कामं आवरली की पाऊण तास खेळते, दोनचारदा मरते आणि झोपते. त्यामुळे या विषयातला माझा अधिकार तसा बेताचाच. पण डोक्यात एक किडा वळवळतोय, तो इथे सोडते.

मोबाइलवरच्या एका गेममध्ये मला थैली मोठी करून हवी होती. २० कप्प्यांची ३०. भाव ४५० रत्नं, म्हणजे त्या गेममधलं नाणं. आणि खरे पैसे देऊन रत्नं मिळतात ३०० नाहीतर ५०० च्या पॅकमध्ये. ४५० चा पॅक नाहीच. घेतला ५०० चा, उरली ५०. त्यात काय बसतं म्हणून गेममधलं सगळं दुकान पालथं घातलं, तर सर्वांत स्वस्त वस्तू ८० ची! मुळात मधे ही रत्नं कशाला? भाव सरळ पैशांत लिहिला असता तर मी दोनदा विचार केला असता, म्हणूनच ना?

त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवर स्कायरिम या गेममध्ये हीच अडचण आली. तिथे सुरुवातीला ३०० वजन पेलतं, त्यावर गेलात की पळता येत नाही, रखडत चालायचं. आणि मला तर दिसेल ते भांडं उचलायची खोड. शेवटी कन्सोल (गेमला थेट हुकूम द्यायची खिडकी) उघडला, एक ओळ टाइप करून मर्यादा वाढवली आणि मोकळी झाले. खर्च शून्य. तेव्हा ट्यूब पेटली. थैली म्हणजे शेवटी एक आकडा. तो माझ्या मशीनवर असला तर मी बदलते, त्यांच्या सर्व्हरवर असला तर तोच ते मला विकतात.

आता कोणी म्हणेल, सर्व्हरवर ठेवला नाही तर लोक चीटिंग करतील. मान्य. दहा जणांच्या सामन्यात मी स्वतःला हजार जीव दिले तर तो खेळ कसला? पण माझ्या त्या गेममध्ये मी एकटीच आहे हो! तरी नेट गेलं की गेम उघडत नाही. मी फसवणार कोणाला, स्वतःलाच?

हे असंच असायला हवं असंही नाही. १९९३ च्या डूम या गेममध्ये नकाशे, चित्रं, आवाज मुद्दाम वेगळ्या वॅड फाइलींमध्ये ठेवले होते, लोकांना स्वतःचे घालता यावेत म्हणून. काउंटर स्ट्राइक १९९९ मध्ये आला तो हाफ लाइफ या गेमचा मॉड (खेळणाऱ्यांनी मूळ गेममध्ये केलेला फेरफार) म्हणून. डोटाही तसाच वॉरक्राफ्ट ३ या गेममधून निघाला. म्हणजे हौशी लोकांनी फुकटात केलेल्या उचापतींवर पुढे मोठे धंदे उभे राहिले.

दुसऱ्या बाजूला ऑब्लिव्हियन या गेमसाठी वेगळं विकलेलं ते घोड्याचं चिलखत, एप्रिल २००६. अडीच डॉलर. लोक त्यावर अजून हसतात. पण एक्सबॉक्सवर त्याचा भाव २०० पॉइंट्स असा लिहिलेला असायचा, हे मला परवा कळलं. म्हणजे रत्नांचं नाटक तेव्हापासूनचंच!

मॉडला पैसे द्यायला माझी ना नाही. एप्रिल २०१५ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात स्कायरिमचे मॉड विकायला काढले होते. मॉड करणाऱ्याच्या हातात २५ टक्के. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच गुंडाळलं. माझा राग भावावर नव्हता, त्या २५ वर होता. रात्र रात्र जागून गेममधल्या पात्रांच्या कपड्यांच्या घड्या नीट पडाव्यात म्हणून झटणाऱ्याला चतकोर, आणि बाकीची भाकरी दुसऱ्यांना?

असो. आता माझी खरी अडचण. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये मी नवीन फुलांचा एक मॉड टाकला होता. स्मॅपी या मॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून गेम सुरू केला की ती काळी खिडकी उघडते ना, तिच्यात एके दिवशी लाल अक्षरांचा पाऊस पडायला लागला. घाबरून मॉडचा फोल्डरच उडवला. लाल अक्षरं गेली, पण पेटी उघडली तर फुलांच्या जागी ओळीनं 'एरर आयटम', प्रत्येकावर लाल खूण. शेतातल्या दोन ऋतूंची मेहनत होती ती! तोच मॉड परत टाकला तर फुलं परत येतात का? कोणी करून पाहिलंय? तोवर मी त्या पेटीला हात लावत नाहीये.